कात्री घरचीच हवी

थोरात सरांची आणि माझी ओळख झाली ती माझ्या विजयाच्या दिवशी. इस्लामपूरच्या शाळेत मी नुकतीच रुजू झाले होते. तिथल्या कारकुनांच्या मनगटावर मंतरलेला गंडा होता. मधल्या सुट्टीत प्रश्नावर प्रश्न विचारून मी त्यांना पार निरुत्तर केलं. सगळी स्टाफरूम हसली, विज्ञानाचे थोरात सर तेवढे हसले नाहीत. त्यांनी आपला चहा कारकुनांपुढे सरकवला आणि मला हळूच म्हणाले, "बाई, जिंकलात. आता उद्या दुसरा गंडा दिसेल." दुसऱ्या दिवशी खरोखरच दोन गंडे होते.

सरांना पंचाहत्तर वर्षं पूर्ण होत आहेत. त्यांच्या अंधश्रद्धा निर्मूलनाच्या शिबिरांविषयी आणि व्याख्यानांविषयी या गौरवग्रंथात जाणकार लिहितीलच. मी माझ्या माहेराविषयी लिहिते, कारण ते मला सरांमुळे परत मिळालं.

पाटणजवळच्या गावी माझा थोरला भाऊ राहतो. फौजेतून निवृत्त झाल्यावर दादा एका मठात जाऊ लागला. तिथल्या महाराजांचा शब्द म्हणजे त्याला साहेबाचा हुकूम. वहिनींच्या केसांत जट झाली तेव्हा महाराजांनी सांगितलं, ही देवीची खूण आहे, कात्री लावाल तर घरावर कोप होईल. सात वर्षं वहिनींनी तो चिकटलेल्या केसांचा दोरखंड डोक्यावर वागवला. तो धड धुता येत नसे, वाळत नसे. मान इतकी आखडली की मागून हाक आली तर त्यांना अख्खं अंग वळवावं लागे.

मी स्टाफरूममध्ये केलं होतं तेच तिथं केलं. जट का होते ते दादाला समजावलं, महाराजांचं बोलणं त्यांच्याच बोलण्यानं खोडून दाखवलं. दादा जितका निरुत्तर होत गेला तितका घट्ट होत गेला. शेवटी पाहुण्यांदेखत मी पर्समधून कात्री काढून वहिनींच्या मागे उभी राहिले. वहिनी किंचाळल्या. दादा शांतपणे म्हणाला, "तुझं म्हायार आजपास्नं संपलं."

मी रडत सरांकडे गेले. सर रागावले, पण माझ्यावर. "कात्री तुम्ही का नेलीत? ती घरचीच हवी. घरच्या माणसानं आपल्या हातानं काढून दिली तर लावायची, नाहीतर चहा पिऊन परत यायचं."

आणि सर खरोखरच चहा पिऊन परत येऊ लागले. दर रविवारी एसटीनं कऱ्हाड, तिथून पाटण. दादा महाराजांची महती सांगे आणि सर ऐकून घेत. वहिनी मला फोनवर हे सारं सांगत आणि मी चरफडत असे. एकदा न राहवून सरांना विचारलंच, तुम्ही काही बोलत का नाही? म्हणाले, "त्यांची श्रद्धा सांगून झाली. भीती अजून सांगितलेली नाही."

ती सांगायला दादाला पावसाळा उलटावा लागला. "आवं सर, कापली आन् घरात कायतरी इपरीत झालं, तर?"

मी असते तर म्हटलं असतं, काही होणार नाही. सर म्हणाले, "होणार की. घर आहे, कधी ना कधी काहीतरी होणारच. तेव्हा मला फोन करा. शिव्या मला द्या, मी येईन."

दादानं वहिनींकडे पाहिलं. वहिनी उठल्या आणि शिलाई मशीनच्या खणातली कात्री आणून त्यांनी सरांपुढे ठेवली.

जट कापल्यावर तीन आठवड्यांनी दुभती म्हैस मेली. दादानं फोन केला, सर मिळेल त्या गाडीनं आले. गोठ्यात बसून त्यांनी दादाच्या शिव्या ऐकल्या, म्हैस पुरताना खड्ड्यात माती ओढली. म्हैस कशानं मेली यावर चकार शब्द काढला नाही. "आता काय म्हननं हाय तुमचं?" दादानं विचारलं. "म्हैस चांगली होती हो. वाईट वाटतं," सर म्हणाले.

थोड्या वेळानं दादानं हाक मारली, "सरांस्नी च्या टाक गं." चुलीपाशी पाठमोऱ्या बसलेल्या वहिनींनी नुसती मान वळवून "व्हय" म्हटलं. दादा त्यांच्याकडे बघतच राहिला. त्याच आठवड्यात त्याचा मला फोन आला, "भाऊबीजंला येतीस न्हवं?" भाऊबीजेला मी पहिल्या एसटीनं माहेरी गेले.

दादाचं मत बदललं असं मी लिहिलं तर सरच ते खोडतील. तो आजही मठात जातो. म्हैस देवीनंच नेली, असं त्याचं ठाम मत आहे. परवा मी त्याला या सत्काराविषयी सांगितलं, तर म्हणाला, "मला ठावं हाय. त्यांच्या वाडदिवसाला मी दरवर्सी देवीफुडं जातो. म्हंतो, आई, कात्री त्यांनी लावली, पर मानूस लय चांगला हाय. त्यांच्यावर कोप करू नगंस."

हे सरांच्या कानावर घातलं तेव्हा मला वाटलं, ते हसतील. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि नुसतं म्हणाले, "मग मला तब्येत सांभाळायला हवी."

सर, ती सांभाळाच. आमच्या आळीत अजून दोघींच्या डोक्यावर जट आहे. वहिनींची मोकळी मान त्या रोज पाहतात, आणि मी माहेरी गेले की दोघीही आधी एकच विचारतात, "सर बरं हायती न्हवं?" कात्री लावणाऱ्यावर कोप होत नाही, याची त्यांना ज्या दिवशी पुरती खात्री पटेल त्या दिवशी त्या आपापल्या घरची कात्री शोधतील. तोवर, आणि त्यानंतरही पुष्कळ वर्षं, तुम्ही ठणठणीत असायला हवं.