अमावास्येला उघडलेला रांजण

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायको गेली, तिलाही नाही — आणि तिच्यापासून मी एरवी फारसं काही लपवत नसे. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगणं सोपं जाईल असं वाटलं होतं. जात नाहीये. आज तिसऱ्यांदा लिहायला बसलोय. पहिल्या दोन्ही वेळा मी निळीबद्दलच पानंच्या पानं लिहीत गेलो. निळीबद्दल मला फार छान लिहिता येतं. तोच तर रोग आहे.

तरी थोडं सांगावंच लागेल, नाहीतर पुढचं कळणार नाही.

मी मूळचा सोलापूरचा. बंगळुरात एका सरकारी कारखान्यात इंजिनिअर होतो. पंचेचाळिशीत नोकरी सोडली आणि बसवनगुडीत एका जुन्या घराचा मागचा भाग भाड्यानं घेऊन स्टुडिओ थाटला. जुनं सुती कापड निळीत रंगवायचं, त्याचे थरावर थर लावायचे, आणि इकडे कौदी शिवतात तशा बारीक धावदोऱ्यानं ते शिवून भिंतीवर लावायचे मोठे पडदे करायचे — हे माझं काम. वर्तमानपत्रं मला वस्त्रकलावंत म्हणायची. सोलापूरचा थोरला भाऊ म्हणायचा, "इंजिनिअर होता, आता गोधड्या शिवतो."

नव्वदनंतरची ती पाच-सहा वर्षं माझ्या आयुष्यातली सगळ्यात चांगली. सकाळी गांधीबाजारात उभ्यानं कॉफी प्यायची, फुलांच्या ढिगांकडे बघत बसच्या तिकिटांच्या मागे रेघोट्या ओढायच्या. नखं कायमची निळी. एकदा कंडक्टरनं सुटे देताना विचारलं होतं, "काय सार, या वयात परीक्षा? केवढी शाई सांडलीय!" मला असली चेष्टा आवडायची. निळी नखं मी मिरवायचो — हेही आता लिहूनच टाकतो.

निळीचा रांजण स्टुडिओच्या परसात होता, गळ्यापर्यंत जमिनीत पुरलेला. तो हणमंतप्पांचा. हणमंतप्पा सत्तरीचे, पिढीजात रंगारी. रांजण ही जिवंत वस्तू असते. नीळ, टाकळ्याच्या बियांचा काढा, चुन्याची निवळी, गूळ — हे आंबतं, आणि आंबलेलं असेपर्यंतच कापड रंगतं. आत पाणी हिरवट-पिवळं, वर निळा-तांबूस फेस. त्या फेसाला ते 'हूवु' म्हणत, फूल. वास गोठ्यासारखा. नवा रांजण लावताना त्यात जुन्याचं पाणी घालायचं, म्हणजे वंश चालू राहतो. आमच्या रांजणात हणमंतप्पांच्या आजोबांच्या रांजणाचं पाणी होतं. आणि अमावास्येला रांजण उघडायचा नाही. त्या दिवशी तो झोपतो. घोंगडी घालून निजवायचा. हणमंतप्पा त्या दिवशी येत नसत, तेव्हा राखण माझी.

दुसरा एक नियम होता. बाईनं 'त्या' चार दिवसांत परसात यायचं नाही.

शांताक्का माझ्याकडे शिवायला आली तेव्हा पस्तिशीची असेल. तिचं घराणं मराठी, पण दोनशे वर्षं इकडचं. घरात मराठी बोलायची, हिशेब आणि भांडणं कन्नडमध्ये. टाका असा घालायची की उलट-सुलट कळू नये. पण तिचं लक्ष सदा रांजणाकडे. शेवटी मी हणमंतप्पांना म्हटलं, हिला शिकवा. ते म्हणाले, "शिकवतो सार. पण चार दिवस सोडून." तेव्हा मी सगळ्या शिवणाऱ्या बायकांसमोर जाहीर केलं, "माझ्या स्टुडिओत असलं काही चालणार नाही. अक्का, तू महिन्याचे तीसही दिवस रांजणाला हात लावशील."

काय थाटात म्हणालो होतो! बायका एकमेकींकडे बघून हसल्या. शांताक्का हसली नाही. ती घाबरली होती. पण मला ती अण्णा म्हणायची, आणि अण्णा म्हणताहेत म्हणून तिनं ऐकलं. आणि दोन वर्षं काही झालं नाही. तिचा हात रांजणाला असा बसला, की झाकण उचलायच्या आधी नुसत्या वासावर ती सांगायची, आज गूळ हवाय. हणमंतप्पा मान डोलवायचे. बोलायचे नाहीत, पण डोलवायचे.

दिल्लीत माझं मोठं प्रदर्शन ठरलं. सात पडदे, सगळा रंग शांताक्काचा. पत्रिकेत माझ्या नावाखाली तिचं नाव छापायचं, असं मीच ठरवलं होतं. रंगारीण म्हणून बाईचं नाव — तिनं ते नाव कागदावर लिहून मागितलं होतं, नवऱ्याला दाखवायला.

आता येतो. येतोच.

प्रदर्शनाच्या पुस्तिकेसाठी दिल्लीहून एक फोटोग्राफर बाई आल्या. रविवार होता. अमावास्या होती. संध्याकाळी त्यांची गाडी. स्टुडिओत मी एकटाच. त्यांना रांजण उघडा हवा होता, माझे हात आत हवे होते, वर निळा फेस हवा होता. मी नाही म्हणालो. एकदाच म्हणालो. त्या म्हणाल्या, "मग तुम्ही इतर चित्रकारांपेक्षा वेगळे कसे दिसणार?"

मी घोंगडी काढली.

फेस पुरेसा नव्हता. मी काठी घेतली आणि ढवळलं, जोरजोरात, खोलवर. निळीच्या पाण्यात असा वारा मिसळायचा नसतो, हे शाळकरी पोरंही सांगतील — मी तर त्यावर व्याख्यानं द्यायचो. फेस उसळला, सुंदर उसळला. फोटो निघाले. त्या गेल्या. आणि मी पाहिलं, तर आतला हिरवा रंग उतरत चालला होता.

तेव्हा तरी थांबायचं. झाकून ठेवलं असतं, तर दोन-तीन दिवसांत सावरला असता कदाचित. मी घाबरलो. निवळी करायला धीर नव्हता. डब्यातला कळीचा चुना मुठीनं घातला. एक मूठ, मग दुसरी. किती घातल्या ते मला आठवत नाही असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगत आलो. आठवतं. सहा. पाणी कोमट झालं, सळसळलं. मी घोंगडी पांघरली, कडेचे शिंतोडे पुसले आणि घरी जाऊन जेवलो.

सोमवारी सकाळी हणमंतप्पा आठला यायचे. मी साडेसहाला गांधीबाजारात गेलो, चुना आणला आणि डबा होता तिथपर्यंत भरून ठेवला. हे घाबरून केलेलं नाही. रात्रभर झोपून, कॉफी पिऊन केलेलं आहे.

हणमंतप्पांनी झाकण काढलं. फूल नव्हतं. राखाडी पाणी, ओल्या भिंतीचा वास. त्यांनी बोट बुडवून जिभेला लावलं आणि थुंकले. "चुना चढलाय. शनिवारी चुना कुणी दिला?"

शांताक्कानं दिला होता. शनिवारी चुना द्यायचं काम तिचंच असायचं. "एक पळी, अज्जा," ती म्हणाली. "नेहमीचीच पळी."

हणमंतप्पांनी तिच्याकडे नीट पाहिलं. मग म्हणाले — आवाज चढवून नाही, तसं असतं तर बरं झालं असतं — "शनिवारी तुझ्या डोक्यात फूल नव्हतं, शांतम्मा."

तिथे पाच बायका होत्या. इकडे बाई घराबाहेर पडते ती वेणीत गजरा माळून. माळला नाही, तर का, ते सगळ्यांना कळतं. शांताक्काची मान खाली गेली. "पळी तीच," हणमंतप्पा म्हणाले. "हात तो नव्हता." मग माझ्याकडे वळले. "सार, तुम्ही म्हणाला होतात, चालतं. बघा."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. शांताक्कानंही. मीच तर परवानगी दिलेली. मीच हसलो होतो त्या नियमाला. आता मी एकच वाक्य बोलायचं होतं: काल मी उघडला. तेवढंच. नाही तर थंडीवर ढकलायचं — बसवनगुडीतल्या भुईमुगाच्या शेंगांच्या जत्रेच्या आसपासचे दिवस होते, गारठा होता, कुणाचंच काही बिघडलं नसतं. पण थंडी म्हटली तर घोंगडीची चौकशी झाली असती, आणि राखण माझी होती.

म्हणून मी काय केलं? मी सुस्कारा टाकला. फक्त सुस्कारा. जणू काही एका सुधारकाला परिस्थितीपुढे हार मानावी लागतेय.

हणमंतप्पांनी रांजण उपसून नारळाच्या बुडाशी ओतला आणि परसातल्या नळाखाली अंगावरच्या कपड्यांनिशी आंघोळ केली, सुतकात करतात तशी. नवा लावला नाही. वंशाचं पाणीच उरलं नव्हतं. गावी गेले ते परत आले नाहीत.

तुम्हाला वाटेल, हाच तो गुन्हा. मलाही पुष्कळ दिवस तसंच वाटायचं. गप्प राहिलो — भित्रेपणा, पण माणसाकडून होतो. पण पुढचं ऐका.

चौथ्या दिवशी शांताक्का घरी आली. डोक्यात अबोलीचा गजरा होता. आत आली नाही, दारातच उभी राहिली. म्हणाली, "अण्णा, माझंच चुकलं की. तुम्ही मोठ्या मनानं सांगितलंत, पण मला कळायला नको? दोन वर्षं काही झालं नाही, म्हणून मी धीट झाले. ते साठत साठत गेलं असणार. एकदम बाहेर आलं." ती रडत होती. म्हणाली, पत्रिकेतून माझं नाव काढा. रांजण मारलेल्या बाईचं नाव कशाला?

आणि मी तिला क्षमा केली.

मी म्हणालो, "असू दे अक्का. होतं असं. मनाला लावून घेऊ नकोस." तिच्या डोक्यावर हातसुद्धा ठेवला. ती वाकून पाया पडली आणि मी पडू दिलं. नाव काढलं. पुस्तिका छापून आली, तेव्हा पहिल्या पानावर माझा फोटो होता: बाह्या सारलेल्या, हात रांजणात, वर फेसच फेस. शांताक्का तो फोटो हातात घेऊन कितीतरी वेळ बघत होती. "जिवंत होता तेव्हाचा," म्हणाली. तो फोटो कधीचा, हे तिनं विचारलं नाही. कुणीच विचारलं नाही.

पुढे मी डब्यातल्या पुडीनं, रसायनानं नीळ लावू लागलो. लोकांना फरक कळला नाही. शांताक्का शिवत राहिली, पण परसाच्या दाराकडे पाठ करून बसायची. रंगाच्या बादलीला तिनं पुन्हा बोट लावलं नाही.

एवढंच असतं तर मी हे बरोबर घेऊन गेलो असतो, खरं सांगतो.

गेल्या महिन्यात शांताक्कानं जेवायला बोलावलं. आता ती मुलीकडे असते, व्हाइटफील्डला, अकराव्या मजल्यावर. मुलगी सुमन आयटीत आहे. नात तेरा वर्षांची, चुणचुणीत. आम्ही टेबलाशी बसलो, तेव्हा नातीचं ताट वेगळं वाढलेलं दिसलं. सुमन ओशाळून म्हणाली, "काका, काय सांगू, आईसमोर माझं काही चालत नाही. चार दिवस ही लोणच्याला नाही, देवाला नाही, टेबलाला नाही. ऑफिसात मी तीस माणसं सांभाळते, पण घरी हे."

"थट्टा करतात माझी," शांताक्का म्हणाली. "अण्णा, तुम्हीच सांगा हिला. तुम्ही तर शिकलेले, मोठे. तुम्ही डोळ्यांनी पाहिलंत ना?"

नात ताट हातात घेऊन उभी होती. तिला वाद घालायचा होता, नुसतं माझ्या तोंडून एक वाक्य हवं होतं. "खरंच झालं होतं, आजोबा?" तिनं विचारलं. "पिरिएड्समुळे अख्खा रांजण मेला?"

मी ऐंशी पार केलेला माणूस. माझं आता कोण काय बिघडवणार होतं? हणमंतप्पा नाहीत. प्रदर्शनं संपली. ते सात पडदे कुठल्या भिंतींवर आहेत, मला माहीतही नाही.

हे मी मराठीत लिहितोय. शांताक्काला मराठी बोलता येतं, वाचता येत नाही. सुमनलाही नाही. लिहायला बसलो तेव्हा हे मला ठाऊक होतं.

मी त्या मुलीकडे पाहिलं आणि मान डोलवली. हो.

शांताक्का म्हणाली, "बघितलंस?" ताट घेऊन नात बाल्कनीत गेली आणि काचेचं दार तिनं स्वतःच ओढून घेतलं.