आमच्या रोटेशनमधली अमेरिकन

शॅनन विमानतळावर तिला आणायला मी गेले, कारण आमच्या बास्केटबॉल क्लबातल्या बायकांमध्ये विमानतळाच्या जवळ नोकरी फक्त माझी होती. पुठ्ठ्यावर नाव लिहून उभं राहायची गरजच पडली नाही. दारातून सगळ्यांच्या वर एक डोकं येताना दिसलं, आणि त्या डोक्याखाली झोप न झालेली एक शांत मुलगी होती. मी तिला म्हटलं, घरी जाऊ, खा आणि झोप. तिने विचारलं, आधी हॉल बघता येईल का.

मी मूळची नागपूरची. विद्यापीठाच्या संघातून बास्केटबॉल खेळले होते, आणि त्याचा मला नको इतका गर्व होता. नव्वदच्या दशकाच्या शेवटी नवऱ्याबरोबर आयर्लंडला आले. आम्ही दोघंही इंजिनियर, घर एनिसला आणि नोकऱ्या शॅननला. एका संध्याकाळी भाजी आणायला गेले असताना गावाच्या हॉलमधून चेंडूचा आवाज ऐकू आला. मी पिशवी घेऊनच आत शिरले आणि त्या दिवसापासून बायकांच्या संघात आले. संघ कसला, दिवसभर राबून संध्याकाळी पळणाऱ्या दहा बायका. कोच बाई तिथल्याच हॉस्पिटलात नर्स होती आणि सराव तिच्या ड्यूटीप्रमाणे सरकायचा.

बास्केटबॉलमध्ये मैदानात पाच जणी असतात. बाकीच्या बाकावर. कोणी कधी उठायचं, कोणाच्या जागी जायचं आणि किती वेळ टिकायचं, हे कोच ठरवते, त्याला रोटेशन म्हणतात. त्या रोटेशनमध्ये मी आठवी होते. म्हणजे मध्यंतराच्या जरा आधी मला मैदानात सोडायचे आणि घाम यायच्या आत परत बोलवायचे. यावरून मी कोचशी बरेचदा भांडले. ती दरवेळी "ग्रँड, ग्रँड" म्हणायची, म्हणजे आयरिश लोकांचं "बरं, बरं", आणि मला आठवीच ठेवायची.

प्रत्येक क्लबाला एक अमेरिकन खेळाडू आणता यायची. ती आली की सुरुवातीच्या पाचात तिचं नाव पहिलं, आणि शेवटची शिट्टी वाजेपर्यंत तिला बाहेर काढायचं नाही, असा सगळ्या क्लबांचा अलिखित कायदा होता. नाहीतर आणली कशाला? आमची ही मुलगी साधीसुधी नव्हती. अमेरिकेतल्या बायकांच्या मोठ्या लीगने ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, तिला घेतलं होतं. मात्र अगदी शेवटी शेवटी, आणि मग सरावाच्या शिबिरातून घरी पाठवलं होतं. आमच्याकडेही तिचं राहणं ख्रिसमसपर्यंतच पक्कं होतं. त्याआधी क्लबाची समिती बसणार, आणि संघ हरत असला तर तिला परत पाठवून दुसरी आणणार.

तर हॉल. एका टोकाला नाटकाचं स्टेज, भिंतीला लावलेल्या बिंगोच्या खुर्च्या, आणि जमिनीवर चार खेळांच्या चार रंगांच्या रेघा. तिने बुटांच्या नाड्या बांधल्या आणि चेंडू हातात घेतला. मला वाटलं, आता उडी मारून काहीतरी अमेरिकन करून दाखवणार. तिने तसलं काहीच केलं नाही. एका कोपऱ्यातून सुरुवात करून ती चेंडू आपटत हळूहळू चालत गेली, भिंतीपाशी वळली, परत आली, पुन्हा वळली. सगळी जमीन तिने अशी फिरून काढली. मधेच थांबायची, एकाच फळीवर दोन-तीनदा चेंडू आपटायची आणि मान तिरकी करून ऐकायची. स्टेजच्या डाव्या बाजूला फळ्या आतून पोकळ झाल्या होत्या, तिथे चेंडू मरायचा, पुरता वर यायचाच नाही. आम्ही इतकी वर्षं त्या जमिनीला शिव्या देत खेळत होतो. ती जमीन तिने अर्ध्या तासात पाठ केली, आणि पुढे पाहुण्या संघातली मुलगी चेंडू घेऊन आली की ही तिला गोड बोलल्यासारखी ढकलत ढकलत नेमकी त्या फळ्यांवर न्यायची. मी भिंतीला टेकून बघत होते. आपण ज्याला बास्केटबॉल समजत होतो ते काय होतं, असं मला खरोखर वाटलं.

तिच्यासाठी ठरवलेलं घर अजून बांधून झालं नव्हतं. त्या वर्षांत गावात जिकडेतिकडे घरं उठत होती आणि एकही वेळेवर पुरं होत नव्हतं. म्हणून ती आमच्या लहान खोलीत राहिली, पलंगाबाहेर पाय काढून. त्याच सुमारास माझ्या सासूबाई यवतमाळहून आमच्याकडे आल्या होत्या. त्यांना इंग्रजी येत नव्हतं आणि हिला वऱ्हाडी. पण दोघींचं जमलं ते स्वयंपाकघरात. ही जेवायला बसायच्या आधी सगळ्यांची ताटं मांडायची, पाणी भरायची, कोणाला काय हवं ते न विचारता पुढे सरकवायची. सासूबाईंना एवढ्या उंच मुलीचं ते वागणं फार आवडलं, आणि आवडलेल्या माणसासाठी त्या एकच गोष्ट करतात. वाढतात.

आमच्याकडचा आग्रह तुम्हाला माहीत आहे. नको म्हणजे अर्धी वाढा, आणि पुरे म्हणजे आणखी एक. गंमत म्हणजे आयरिश लोकांचंही तेच. त्यांच्याकडे चहाला तीनदा नाही म्हणायचं असतं आणि चौथ्यांदा घ्यायचा असतो. या दोघांच्या मध्ये ही बिचारी अमेरिकन सापडली, जिचं नाही म्हणजे नाहीच असायचं आणि ते कोणी ऐकतच नव्हतं.

आणि आम्ही हरत होतो. ती असूनही, लागोपाठ. काय चुकतंय ते कोणालाच कळेना, कारण तिचं काहीच चुकत नव्हतं. पाठीमागे डोळे असल्यासारखी ती चेंडू द्यायची. आपण जिथे पोचणार आहोत तिथे चेंडू आधीच आलेला असायचा, आणि आपण मात्र तिथे पोचलेलोच नसायचो. आम्ही उभ्या राहून तिला बघत होतो. चेंडू मिळाला की लगेच तिच्या हातात द्यायचा आणि आता ही काय करते ते डोळे भरून पाहायचं. मीही तेच करायचे. समोरच्या संघाने मग तिच्यावर दोघी-तिघी लावल्या, तेव्हा तर आमच्या बाकीच्यांकडे कोणाला बघायचंही कारण उरलं नाही.

एका हरलेल्या सामन्यानंतर गाडीत ती मला म्हणाली, "इथून मला परत पाठवलं, तर पुन्हा कोणी बोलावणार नाही. हे शेवटचं दार आहे." रडणं नाही, कुरकुर नाही. घरी येऊन तिने सासूबाईंच्या हातातली लसूण सोलायची वाटी घेतली आणि सोलत बसली.

दिवाळीचा पाडवा रविवारी आला आणि त्याच दुपारी आमच्या गावच्या हॉलमध्ये सामना. सासूबाईंनी सकाळपासून पुरण शिजवलं होतं. मी त्यांना बजावलं होतं की पोरीला खेळायचं आहे, तिला हलकं वाढा. त्यांनी मान डोलावली. मी आंघोळीला गेले आणि बाहेर येईपर्यंत तिच्यापुढे जाड पुरणपोळ्या, वाटीभर तूप, कटाची आमटी आणि भजी, आणि शेजारी सासूबाई उभ्या. "खाय न व माय, सणाच्या दिवशी नाही म्हनू नये." सणाचं कोणी नाही म्हणत नाही एवढं तिला उमगलं होतं, म्हणून ती खात होती. किती खाल्ल्या ते मी विचारलं नाही.

हॉलमध्ये पोचेपर्यंत तिचे डोळे मिटायला लागले होते. तिने सरळ कोचला जाऊन सांगितलं की चार डावांतला पहिला डाव मला बसू दे, मला पळता येणार नाही. कोचने माझ्याकडे असं पाहिलं की मी नजर चुकवून बूट बांधायला लागले. अमेरिकन बाकावर, असं आमच्या हॉलने कधी पाहिलं नव्हतं. समितीचे अध्यक्ष दाराशी उभे होते, त्यांचा चेहरा उतरला.

आणि मग आमचा संघ खेळायला लागला. नाइलाजाने. चेंडू द्यायला ती नव्हतीच, तेव्हा आपसात द्यावा लागला, पळावं लागलं, चुकावं लागलं. दुसऱ्या डावात ती उठली तोवर सगळ्यांचे पाय सुटले होते, अंगात गरमी आली होती. ती आत आली आणि कोणी थांबलं नाही. मी बाकावर बसून पाहत होते, आणि त्या क्षणी मला आमचं स्वयंपाकघर दिसलं. आम्ही बायका आजवर तिला चेंडूचा आग्रह करत होतो. घे, अजून घे, तूच घे. ती तर जेवणारी नव्हतीच, वाढणारी होती. पळणारीच्या पुढ्यात तिने चेंडू ठेवला की त्या बाईला वाटायचं, हे आपलंच सुचलं. एका पासवर तर मी बाकावरून उठून उभी राहिले आणि तोंडावर हात ठेवला. नागपूरच्या सगळ्या वर्षांत मी तसं काही पाहिलं नव्हतं, आणि पाहायला मिळालं यानेच मला भरून आलं.

सामना जिंकलो. घरी येताना मी कोचला मनातलं सगळं सांगितलं आणि ती पहिल्यांदाच "ग्रँड" म्हणाली नाही. पुढच्या सामन्यापासून अमेरिकन सहावी झाली. आधी पाच जणी खेळणार, मग ती येणार. तिला विचारलं तेव्हा ती एवढंच म्हणाली की मला कुठूनही चालेल. आम्ही बहुतेक सामने जिंकत गेलो. अध्यक्षांची धुसफुस मात्र चालूच होती. एवढ्या लांबून आणलेली मुलगी बाकावर बसते, हे त्यांच्या पचनी पडत नव्हतं. ख्रिसमसच्या आधीचा शेवटचा सामना पोर्टलीशला होता, आणि ते निकाल तिथेच लावणार हे सगळ्यांना माहीत होतं.

पोर्टलीशचा हॉल थंडगार होता. सामना शेवटच्या डावापर्यंत अगदी अटीतटीचा झाला. आमच्या दोघी फाउल होऊन बाहेर गेल्या आणि कोचने मला आत पाठवलं, मध्यंतराच्या आधी नाही, शेवटाला. अमेरिकन तेवढ्यात दम खायला बाकावर आली होती. आणि कसं कोण जाणे, आमचं पाच जणींचं जमायला लागलं. मी जाळीत एक चेंडू टाकला, मग आमच्यातल्या शाळेत शिकवणाऱ्या बाईने एक. कोच अमेरिकनकडे वळली, आता ऊठ म्हणाली. अध्यक्ष समोरच्याच रांगेत हाताची घडी घालून बसले होते. हिला ते दिसत होते. काही करून दाखवायचं असेल तर हीच वेळ होती.

"त्यांना राहू दे," ती कोचला म्हणाली. "छान चाललंय त्यांचं."

मी तिथून चार पावलांवर चेंडू आत टाकायला उभी होते, मला स्वच्छ ऐकू आलं. ती बसून राहिली, आणि आमच्यासाठी पाण्याच्या बाटल्या भरून ओळीने मांडत राहिली. आम्ही जिंकलो.

सामन्यानंतर यजमान क्लबाने दोन्ही संघांना चहा आणि सँडविच द्यायचं, हा तिथला रिवाज. अध्यक्ष बशी घेऊन आमच्या टेबलापाशी आले आणि कोचला म्हणाले की आपण अमेरिकेहून माणूस आणतो तो बाटल्या भरायला का. कोच काही बोलायच्या आत मी बोलले. मी फटकळच आहे.

"ती बसली म्हणून मी खेळले," मी म्हटलं. "इतकी वर्षं तुम्ही मला पाहताय. मला खेळता येतं हे तुम्हाला आज कळलं ना? तिला ते पहिल्या आठवड्यात कळलं होतं."

त्यांनी सँडविच चावून चावून खाल्लं. आयरिश माणूस मोठी गोष्ट कधी सरळ सांगत नाही. खिडकीबाहेर बघत ते म्हणाले की ख्रिसमसला पोरगी एकटी राहू नये, तिला आमच्याकडे जेवायला पाठवा, आणि जानेवारीत सराव जरा लवकर सुरू करा. कोचने माझा हात टेबलाखाली इतका आवळला की बोटं दुखली. अमेरिकनला मी हे समजावून सांगितलं तेव्हा तिने विचारलं, नक्की ना? मी म्हटलं, नक्की. तिने ओंजळीत तोंड झाकलं आणि बराच वेळ काढलं नाही.

घरी पोचलो तेव्हा सासूबाई ताटं मांडून वाट बघत होत्या. "राह्यली काय व पोरगी?" त्यांनी दारातच विचारलं. राहिली, मी म्हटलं. त्या पदराला हात पुसत आत गेल्या आणि वाढायला घेतलं. त्या नेहमी सगळ्यांचं झाल्यावर जेवतात. लग्न झाल्यापासून मी त्यांना कोणाबरोबर बसून जेवताना पाहिलं नव्हतं. आम्ही कितीदा म्हटलं असेल, पण "मी जेवतो मागून" हे ठरलेलं. अमेरिकन ताटावर बसलीच नाही. तिने त्यांच्या हातातली पळी हळूच काढून घेतली, खांद्याला धरून त्यांना खुर्चीवर बसवलं आणि त्यांच्या ताटात भात वाढला, वर वरण, वर तूप. सासूबाई उठायला गेल्या. तिने नुसती मान हलवली. तिचं नाही म्हणजे नाही, हे त्या तोवर शिकल्या होत्या.

सासूबाईंनी आमच्याकडे एकदा पाहिलं, आणि आमच्याआधी पहिला घास घेतला.