पाईपाचा स्वर आणि माझा डावा कान

गेल्या दसऱ्यापासून आमच्या देवघरातील घंटेला चीर गेली आहे, असे माझे ठाम मत झाले होते. वाजवली की एका नादाऐवजी दोन निघत आणि ते एकमेकांवर घासल्यासारखे वाटत. मी नवी घंटा आणली. तीही तशीच निघाली. ती परत करून दुसरी घेतली, तीही परत केली. शेवटी दुकानदाराने हात जोडले. "महाराज, आता तुमीच वतून घ्या." हल्लीच्या ओतकामात निष्ठा उरली नाही, असे म्हणून मी जुनीच घंटा पुन्हा मांडली.

घरात माझ्या या निर्णयाला कोणी हरकत घेतली नाही. मी आयुष्यभर वेदपठण शिकवत आलो आहे. उदात्त, अनुदात्त, स्वरित यांतील सूक्ष्म भेद कानाने टिपावा आणि तिथल्या तिथे सुधारावा, हेच माझे काम. राजारामपुरीतील आमच्या घरी रोज सकाळी विद्यार्थी येतात, ते मुख्यतः या कानासाठी. तो विश्वासार्ह नसेल, तर त्या आसनावर बसण्याचा मला अधिकार नाही.

याच कानाची कीर्ती ऐकून जावयाने मला एका रविवारी माळावर नेले. तो वारणानगरच्या दूधसंघात नोकरी करतो आणि सुट्टीच्या दिवशी माझ्या मुलीबरोबर छोटी विमाने उडवतो. ती विमाने मुठीएवढ्या ग्लो इंजिनावर, म्हणजे तापलेल्या तारेने इंधन पेटवणाऱ्या इंजिनावर चालतात. त्यांच्या इंधनात एरंडेल असते. त्या धुराला समईच्या तेलाचा दूरचा वास येतो, म्हणून मला त्या खेळाविषयी प्रथमपासून थोडी आपुलकी होती.

त्या दिवशी उडवायचे काहीच नव्हते. इंजिनाच्या धुराड्याचा नवा पाईप जुळवायचा होता. मुलीने तो मला समजावून सांगितला. इंजिनातून बाहेर पडलेला नाद या पाईपात धावतो, शेवटच्या निमुळत्या भागावर आपटून मागे फिरतो आणि निसटू पाहणारे ताजे इंधन पुन्हा आत ढकलतो. मात्र तो परतण्याची वेळ अचूक साधावी लागते, आणि ती वेळ नळीच्या लांबीवर अवलंबून असते. म्हणून नळी आधी लांब ठेवतात, मग कणाकणाने कापत जातात. लांबी जुळली की इंजिनाचा स्वर एकाएकी वर उडी घेतो. अधिक कापली गेली, तर नळी वाया गेली.

"फेरे मोजायला मीटर हाय," जावई म्हणाला, "पण चढण कुठं लागती ते कानाला आधी कळतंय. आन् तुमच्यासारखा कान अख्ख्या कोल्हापुरात न्हाय, अण्णा."

मला ते ऐकून बरे वाटले, हे लपवत नाही.

विमान खुंटीला बांधले होते. आवाज फार मोठा म्हणून मुलीने कापसाचे दोन बोळे दिले. मी एकच घेतला आणि डाव्या कानात घातला. उजवा इंजिनाकडे मोकळा ठेवला. इंजिन सुरू झाले. स्वर स्थिर होता. जावयाने इंजिन थांबवून नळीचा पातळसा काप काढला, पुन्हा सुरू केले. स्वर तोच. रस्त्यावरून दुधाच्या किटल्या घेऊन जाणारा एकजण मोटरसायकल थांबवून ओरडला, "पावणं, डास मारायचं मशीन हाय काय?"

"व्हय, तुमच्याच गल्लीत निघालोय," जावयाने उत्तर दिले.

वारा फिरला आणि धूर माझ्या अंगावर येऊ लागला. मी विमानाच्या दुसऱ्या बाजूला गेलो. आता डावा कान इंजिनाकडे आला, म्हणून बोळा उजव्यात घातला. आणि स्वर चढलेला ऐकू आला.

"साधला," मी हात वर केला. "आता कापू नका."

मुलीने मीटर पाहिला. "अण्णा, आकडा तोच आहे."

"मग यंत्र चुकते आहे."

"सेल सकाळीच बदललाय की," जावई म्हणाला.

मी जरा रागानेच बोळा उपसून काढला, नीट ऐकावे म्हणून. दोन्ही कान उघडे होताच इंजिनातून दोन स्वर येऊ लागले, एकमेकांवर घासणारे. मी ते ओळखले. आमची घंटा.

डाव्या कानावर तळवा ठेवला. एकच स्वर, खालचा. तो काढून उजव्यावर ठेवला; एकच स्वर, वरचा. इंजिनाला कोणी हात लावला नव्हता. मी पुन्हा तसे केले, मग पुन्हा. ज्या शरीरातून मी आयुष्यभर प्रमाण सांगत आलो, त्यातच दोन प्रमाणे होती आणि मला पत्ता नव्हता.

मुलीने इंजिन बंद केले. "काय झालं? चक्कर येतेय का?"

मी सांगितले. ती हळू बोलली, "म्हणजे ती घंटा..."

"आन् त्या दुकानदाराला तुमी..." जावयाला हसू आवरेना. माझा चेहरा पाहून तो थांबला. "डाक्टरला दावू, अण्णा. उद्याच दावू."

मी म्हणालो, काम अर्धे सोडू नका. स्वर चढल्याचे खोटे सांगणारा डावा कान घट्ट झाकून मी बसून राहिलो. पुढच्या कापानंतर स्वर खरोखरच उसळला, षड्जावरून थेट ऋषभावर जावा तसा, आणि तिघांनीही एकाच क्षणी मान वर केली. ते दोघे आनंदले. मी त्यांच्या तोंडांकडे पाहत होतो, खात्री करून घेण्यासाठी.

संध्याकाळी आरतीला माझे दोन्ही हात गुंतलेले. उजव्यात निरांजन, डाव्यात घंटा. मुलगी मागे उभी राहिली आणि तिने माझा डावा कान तळव्याने झाकला. तिच्या हाताला अजून एरंडेलाचा वास होता. घंटा अखंड वाजली. कुठेही चीर नव्हती.

सकाळी विद्यार्थी येण्यापूर्वी मी आसन सरकवून डावा कान भिंतीकडे केला. ते बसल्यावर त्यांना कारण सांगितले, आणि हेही सांगितले की गेल्या दसऱ्यापासून मी केलेली प्रत्येक दुरुस्ती पुन्हा तपासायची आहे. मग एरवी माझ्या डावीकडे बसणाऱ्या विद्यार्थ्याने, आता समोर बसून, पठण सुरू केले. त्याचा पहिला स्वर कानी येईपर्यंत मी श्वास रोखून धरला होता.