भाऊबीजेहून परतताना

स्कूटर मी शिकले ती वयाच्या शेहेचाळिसाव्या वर्षी, आणि त्यात धाडस वगैरे काही नव्हतं. त्याच्या आदल्या भाऊबीजेला माहेरहून, राधानगरीकडच्या आमच्या गावातून, शाहूपुरीला परत येताना नवऱ्यानं गाडी थेट उसात घातली. माझ्या धाकट्या भावानं त्याला पोटभर पाजली होती. माझ्या गुडघ्याला सात टाके पडले. त्याला खरचटलंसुद्धा नाही.

गाडी यापुढे मी चालवणार म्हटल्यावर सासर-माहेर दोन्हीकडे कौतुक झालं. भाऊ तर पेढे घेऊन आला. मला वाटलं, सुटले एकदाची.

कसली सुटते! पूर्वी, तो उसातला दिवस सोडला तर, परत गाडी चालवायची म्हणून नवरा निदान दोन पेल्यांवर थांबायचा. आता तो भावाला उघडच म्हणू लागला, "भर की! आता काय काळजी न्हाय, बाई हाय चालवायला." दोनाचे चार झाले, चाराचे पाच. मागे बसून तो डुलायचा. उसाच्या ट्रॉलीशेजारून जाताना नेमका कलायचा, आणि मी एका हातानं हँडल, दुसऱ्यानं त्याचा शर्ट धरून जीव मुठीत घेऊन यायची. माझ्या त्या शिकण्याचं आता कुणी कौतुक केलं तरी मला नको होतं.

या भाऊबीजेला ओवाळून झाल्यावर मी भावाला बाजूला घेतलं. "यंदा साडी नको मला. त्यास्नी पाजू नगंस, एवढंच दे."

तो ओशाळला. "आक्का, वर्षातनं एकदा येत्यात दाजी. न्हाय कसं म्हणायचं? मान असतोय की त्यांचा."

साडीही दिली, भारीतली. आणि बाटलीही उघडली.

चार वाजता नवऱ्याला पायरी उतरता येईना. भाऊ लिंबू पिळून पाणी पाजत बसला होता, त्यानं उतरते असं त्याला कुणी सांगितलं कोण जाणे. मला राग यायला हवा होता, पण नुसता कंटाळा आला. मी किल्ली उचलली.

"मी जातो. तुझ्या दाजींस्नी ठेवून घे. तू पाजलायस, तूच सांभाळ. कुशीवर निजव, आणि एकट्याला सोडू नगंस."

भावाचं तोंड एवढंसं झालं. जावयाला ठेवून लेक एकटी निघाली, हे दारादारातून लोक बघत होते. बघू देत.

सकाळी सातला त्याचा फोन आला. "आक्का, डोळ्याला डोळा लागला न्हाय. दोनदा ओकले. श्वास चालू हाय का बघत बसलोय रातभर."

"व्हय? वीस वर्षं मी तेच बघतोय," मी म्हणाले.

त्याला एवढं मात्र सांगितलं नाही, की रात्री पलंगावर मी एकटीच होते, तरी तीनदा जागी झाले, आणि दर वेळी माझा हात शेजारच्या रिकाम्या उशीवर श्वास चाचपत होता.