झोपेची गाणी आणि आमची वंदना

"तुम्हाला इन्सोम्निया आहे," डॉक्टर म्हणाले. इन्सोम्निया म्हणजे निद्रानाश, अंग थकून गेलं तरी डोळ्याला डोळा न लागणं. थायरॉइड, शुगर, ईसीजी, सगळं ठीक निघालं होतं. बीपी तेवढं वाढलेलं. "झोप सुधारेपर्यंत गाडी चालवायची नाही," असं म्हणून त्यांनी माझ्या बायकोकडे पाहिलं, आणि कुंदाने लगेच मान डोलावली. तिथेच माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली.

मी पवनी ते भंडारा काळीपिवळी जीप चालवतो. एकदा कोंढ्याजवळ डुलकी लागली आणि गाडी थेट शेतात, धानाच्या बांधीत उतरली. कुणाला खरचटलंही नाही, पण तेव्हापासून 'गाडी विका' म्हणून कुंदा मागे लागली होती. मला तर स्टिअरिंग सोडून दुसरं काही येत नाही.

गोळ्या न देणारा डॉक्टर मी पहिल्यांदाच पाहिला. म्हणाले, शांत संगीताची प्लेलिस्ट करा, म्हणजे एकामागून एक आपोआप वाजत जाणारी यादी, आणि रोज तीच लावून पडून राहा. हा काय इलाज झाला? मला घरी बसवायचा दोघांचा बेत आहे, याबद्दल माझी खात्रीच पटली.

यादी कुंदाने मोबाइलवर केली. संतूर, पावसाचा आवाज, बासरी. पाऊस वाजला की जीपच्या टपावर ताडपत्री टाकली का ते बघायला मी अंगणात जायचो, म्हणून तो काढायला लावला. बासरीने डोळे जड व्हायचे, आणि नेमकी तेव्हाच यादीतली बुद्धवंदना सुरू व्हायची.

आमच्याकडे वंदना पडून ऐकत नाहीत. भिंतीकडे तोंड करून मी खाटेवर मांडी घालायचो, हात जोडायचो, डोळे मिटायचो. ती संपेपर्यंत झोप पार उडालेली असायची. वळून बघावं तर पलीकडच्या खाटेवर कुंदा गपगार पडलेली.

मला झोप लागू नये म्हणूनच हिने वंदना घातली, असं मी धरून चाललो. रागही यायचा. पण वंदना काढ म्हणायचं तरी कोणत्या तोंडाने?

पुढच्या तपासणीला बीपी तसंच. डॉक्टरांनी यादी ऐकायला मागितली. बासरी संपून वंदना लागली तसे माझे हात आपोआप जुळले. संपल्यावर डोळे उघडले तर शेजारच्या खुर्चीत कुंदाचेही हात जोडलेले, आणि डॉक्टर आम्हा दोघांकडे बघत होते.

"घरीही असेच बसता?"

"हो," मी म्हणालो.

"मीबी बसतो. संपली का झटकन पडतो," कुंदा म्हणाली.

"तू काहून?"

"वंदना चालू असल्यावर झोपून राहू काय? तुमाले बरं वाटन म्हणून टाकली होती. तुमी रोज उठून हात जोडता, मंग मले वाटलं तुमाले पाहिजेच आहे. काढाची कशी?"

डॉक्टर हसले आणि म्हणाले, "वंदना सकाळी लावा." मग काय मनात आलं कोण जाणे, त्यांनी बीपीचा पट्टा तिच्या दंडाला गुंडाळला. आकडा बघून त्यांचं हसू गेलं. "यांचं तुमच्यापेक्षा जास्त आहे."

मला भयंकर लाज वाटली. तिचीही झोप रोज मोडत होती आणि मी तिच्यावरच डूख धरून होतो.

आता वंदना सकाळी होते. हळूहळू झोप येऊ लागली, डॉक्टरांनी जीपही चालवू दिली. त्यांचे आभार मानावे तेवढे थोडे. तुमच्या घरी कुणाला हा आजार असेल, तर जोडीदाराचीही तपासणी करून घ्या.

माझा संशयी स्वभाव काही गेला नाही. दिवा मालवला की मी पलीकडच्या खाटेकडे बघत राहतो. ही खरंच झोपली, की माझ्यासाठी नुसतीच डोळे मिटून पडली आहे? तिचा श्वास संथ झाला की मग मी कूस बदलतो.