विहारात ठरलं होतं

एसटी फाट्यावर आली तेव्हा माझी पत्र्याची पेटी सुजाताच्या डोक्यावर होती. जाणार मी आणि ओझं तिच्या डोक्यावर, असा तो सगळा उफराटा कारभार. बाबा म्हणाले, "मागं बघू नको, गाडी लागते." घर सोडताना मला मिळालेला उपदेश एवढाच. मी खिडकीशी बसले आणि सवयीनं शेजारच्या सीटवर रुमाल टाकून जागा धरली. म्हसा गावच्या जत्रेला जाताना आम्ही दोघी असंच करायचो. किन्हवलीला एक बाई चढल्या, म्हणाल्या, "कोन येतंय का गो हितं?" मी रुमाल उचलून घेतला.

ती जागा सुजाताचीच होती. शहापूरच्या मुलींच्या वसतिगृहात दोघींचीही नावं लागली होती. आमच्या गावात शाळा सातवीपर्यंत. किन्हवलीला हायस्कूल होतं, पण ओढ्याला पाणी चढलं की एसटी फिरकायची नाही, आणि पोरींना एवढं पायी कोण धाडणार. वसतिगृह हाच एक रस्ता होता. त्या रस्त्यानं मी गेले, ती का नाही गेली, ते आज सांगते. तुम्ही गावात राहिलेले असाल, तर तुम्हाला हे अर्धं माहीत आहे. तुम्ही माझ्यासारखे बाहेर पडलेले असाल, तर तुम्हीही कुणाची तरी जागा धरली असेलच.

आमचे गुरुजी रोज वाशिंदहून यायचे. बारीक अंगाचे, घसा कायम बसलेला. वर्षावासाचे, म्हणजे पावसाळ्यातले, तीन महिने आमच्या बुद्धविहारात ग्रंथवाचन चालायचं. एकानं वाचायचं, बाकीच्यांनी ऐकायचं, मग शंका विचारायच्या. गुरुजींनी ते पाहिलं आणि त्यांच्या डोक्यात आलं की पोरांना कादंबरी अशीच शिकवावी. सातवीच्या पोरांना कादंबरी, तीही अभ्यासक्रमात नसलेली. हेडमास्तर म्हणाले, शाळेच्या वेळात नको. मग वर्षावास संपल्यावर रविवारी विहारात बसायचं ठरलं.

कादंबरीची एकच प्रत, आणि तिला पुठ्ठा नव्हता, पहिली पानं नव्हती. नाव आम्हाला कधी कळलंच नाही. गोष्ट एका मुलीची. तिला शहरात शिकायला जायची संधी येते आणि आई अंथरुणाला खिळलेली असते. आम्ही आळीपाळीनं वाचायचो, मग चर्चा. गुरुजींचे नियम दोन. पहिला, "मी बोलणार नाय, तुमी बोलायचं." दुसरा असा की ज्याची पाळी असेल त्यानं स्वतःला पटत नाही ती बाजू मांडायची. म्हणायचे, "जे पटत नाय त्याच्या घरात एकदा राहून बघा." नियम चांगलाच होता हो. आजही मला त्यात खोट काढता येत नाही.

फक्त एक गोष्ट गुरुजींच्या लक्षात आली नाही. विहारात पोरं वाचताहेत म्हटल्यावर मोठी माणसंही येऊन मागं बसू लागली. बाया भाकरी उरकून यायच्या. आणि विहारात बसायचं म्हणजे आधी त्रिसरण-पंचशील म्हणायचंच, हात जोडून, मोठ्यानं. त्यातलं चौथं शील खोटं न बोलण्याचं.

मुलीनं जावं की राहावं, या प्रकरणाला सुजाताची पाळी आली. तिला तर जायचंच होतं, वसतिगृहातल्या दुमजली पलंगावर कोण वर निजणार यावरून आमचं भांडण होऊन गेलं होतं. म्हणून नियमाप्रमाणे तिनं 'राहावं' ही बाजू घेतली. तिच्यासमोर 'जावं'ची बाजू मी घेतली.

सुजाता उभी राहिली. मागं तिची आई बसलेली, दम्यानं छातीचा भाता झालेला, मध्येच खोकत होती. सुजाता म्हणाली, "शाळा काय, पुढच्या जूनला पन उघडंल. आई पुढच्या जूनला असंल का?"

बायांनी पदर डोळ्याला लावले. मी म्हटलं, मुलगी शिकून नोकरी करील, आईला औषध आणील. सुजातानं विचारलं, "तवर आईला पानी कोन देईल? तुजी नोकरी?" बोलणाऱ्याची बोरंसुद्धा विकली जातात म्हणतात, आणि हिच्याकडे तर बोलायला खरंखुरं सोनं होतं. मी तोंडघशी पडले. शेवटी गुरुजींनी मत घ्यायला सांगितलं. मुलीनं राहावं असं ज्यांना वाटतं त्यांनी हात वर करा. पोरांचे हात वर गेले आणि त्यांच्यामागं मोठ्यांचेही गेले. त्यांना कुणी विचारलं नव्हतं, पण विहारात हात वर करून जे ठरतं तो ठराव, ही त्यांची जन्माची सवय. शांताराम काकांचा, सुजाताच्या वडलांचा, हातही वर होता. बाहेर आल्यावर सुजाता माझ्या कानात म्हणाली, "कशी जिरवली?" आणि आम्ही पोट धरून हसलो.

मे महिन्यात वसतिगृहाचं पत्र आलं. काका शांतपणे म्हणाले, सुजी जाणार नाय, विहारात ठरलंय. गुरुजी धावत आले. मी दारातच होते. गुरुजी समजावत होते, अहो, तो अभ्यासाचा प्रकार होता, ती तिच्या मनातलं बोलत नव्हती, मीच तिला तसं बोलायला लावलं होतं. काकांनी ऐकून घेतलं. त्यांच्या आवाजात राग नव्हता, तेच वाईट. "गुरुजी, पंचशील घेऊन बसली होती पोर. विहारात खोटं बोलतात का?"

गुरुजींनी होय म्हणावं तर पोरीला खोटारडी ठरवायचं, नाही म्हणावं तर संपलंच. सुजाता चुलीशी बसली होती. तिनं एकदा माझ्याकडं पाहिलं आणि लाकडं पुढं सारली. आपलेच दात आणि आपलेच ओठ, कुणाच्या नावानं बोटं मोडायची? कादंबरी तिथंच थांबली. गुरुजींनी पुढचं पान उघडलं नाही आणि पुढच्या वर्षी त्यांची बदली झाली.

आणि खरं सांगू, सुजाताची आई पुढच्या जूनला नव्हतीच. थंडीतच गेली. तिचं बोलणं असं खरं झालं. मी शहापूरहून पत्र टाकलं, आता तरी ये. पण आता धाकट्या दोन भावांना भाकरी कोण घालणार? पुढं तिचं लग्न म्हशाच्या अलीकडच्या गावात झालं. मी कल्याणला डीएड केलं, मग बीए, बीएड, मग नवऱ्याच्या नोकरीपायी बेंगलोर. इथे एका मोठ्या शाळेत सातवीला इंग्रजी शिकवते.

मागच्या वर्षी शाळेनं आमचं वर्कशॉप घेतलं. ट्रेनर बाई प्रोजेक्टर लावून सांगत होत्या, टीचरनं गप्प बसायचं, डिस्कशन मुलांनी चालवायचं, ही नवी पद्धत आहे. मला हसू फुटलं आणि ते थांबेना, शेवटी उठून बाथरूममध्ये जावं लागलं. तिथं रडले. आता माझ्या वर्गात पोरं गोल बसतात, फाडफाड बोलतात, आईबापांविरुद्ध, देवाविरुद्ध, माझ्याविरुद्ध. मग बेल होते, बस येते, घरी जाऊन नूडल्स खातात. कुणाच्या बोलण्यानं कुणाचं काही होत नाही. मला हेवा वाटतो आणि कधीकधी किळसही येते. आमच्या गावात तेरा वर्षांच्या पोरीचा शब्द चार मोठी माणसं खरा मानत होती. त्या मान देण्यानंच तिचा गळा घोटला.

परवाच्या सुट्टीत सुजाताकडे गेले. अंगणात वाल सोलत बसली होती, मध्येच छातीवर हात दाबून खोकत होती, अगदी आईसारखी. लेक चौथीला, हुशार, तोंडाची फटकळ. मी ठरवूनच गेले होते. म्हटलं, पोरीला माझ्याकडं दे, मी शिकवते, खर्चाचं बघू नको. सुजाता हसली. म्हणाली, "तू अजून 'जावं'चीच बाजू घेतीस होय गो?"

"तू सांग ना. त्या दिवशी बोललीस ते खरं होतं का खोटं?"

"तवा खोटंच होतं." तिनं वालाची टरफलं सुपात सारली. "मग तेच जगले ना इतकी वर्सं. आता खरंच म्हनायचं."

थोड्या वेळानं खोकल्याची उबळ ओसरल्यावर ती माझ्याकडं न बघता म्हणाली, "शाळा काय करुणे, पुढच्या जूनला पन उघडंल. मी असंन का?"

लेक सगळं ऐकत होती. ती आईला टेकून बसली आणि मला म्हणाली, "मावशी, मला नाय यायचं." तेराव्या वर्षी माझ्याकडे निदान औषधाचं तरी उत्तर होतं. या वेळी मी मूठभर वाल पुढ्यात ओढले आणि सोलायला घेतले.

परतताना एसटीत शेजारची जागा रिकामी होती. मी रुमाल टाकला नाही. घर आता मला एवढंच उरलंय, ती एक सीट, जिच्यावर कुणी तरी येऊन बसेल आणि विचारील, कोन येतंय का गो हितं. आणि मी म्हणेन, नाय, बसा तुमी.