उंदराला आलेला गुण

सत्कार या प्रकाराचा मला तिटकारा आहे. एप्रिलमधल्या जयंतीला चंद्रपूर जिल्ह्यातल्या सावलीजवळच्या माझ्या माहेरगावी माझाच झाला. समितीच्या अध्यक्षांनी उभ्या जन्मात औषधाच्या पाकिटावरची तारीखसुद्धा वाचली नसेल, पण माईकवर ते ठासून म्हणाले, "आपल्या बाईनं एड्सची लस काढली."

मी लस काढली नव्हती. शहरातल्या एका प्रयोगशाळेत मी वर्षानुवर्षं उंदरांना सुया टोचत होते, एवढंच. एचआयव्हीच्या प्रथिनाचा एक छोटासा तुकडा असतो, त्याला पेप्टाइड म्हणतात. तो तेलकट द्रावणात घोटायचा, उंदराच्या कातडीखाली टोचायचा, तीन आठवड्यांनी पुन्हा टोचायचा. मग रक्त काढून बघायचं, त्या तुकड्याला ओळखणारी प्रतिपिंडं तयार झाली का. व्हायची. उंदराचं शरीर आज्ञाधारक असतं. पण तीच प्रतिपिंडं खऱ्या विषाणूसमोर ठेवली की ढिम्म. आमचे साहेब या ढिम्मपणाला 'आशादायक प्रतिसाद' म्हणत आणि दरवर्षी तेच आलेख, रंग बदलून, परिषदेत दाखवत.

त्या दिवशी मांडवात मला वाटलं, 'प्रतिसाद' हा शब्द इथं कुणाला कळणार नाही. म्हणून मी घरच्या बोलीत सांगितलं, "उंदराले गुण आला."

आमच्याकडे गुण येणं म्हणजे खाटेवरचा माणूस उठून शेतावर जाणं. हे मला माहीत नव्हतं असं नाही. खांद्यावर शाल पडली की माणसाचं डोकं काम करत नाही, हेही मला त्या दिवशी कळलं. दुसऱ्या दिवशी स्थानिक पेपरात मथळा आला : एड्सवर गुण आला, सावलीच्या लेकीची कमाल. मी हसले आणि गाडीत बसले. पेपरवाल्याला फोन करून दुरुस्ती सांगायची, तीही सांगितली नाही.

भाताच्या रोवणीच्या दिवसांत माहेरच्या गल्लीतल्या एका बाईचा फोन आला. तिचा नवरा बरीच वर्षं सरकारी दवाखान्यातून एचआयव्हीच्या गोळ्या घेत होता. गल्लीत हे मला एकटीला ठाऊक होतं.

"बाई, ते गोळ्या नाई घेऊन राह्यले. जयंतीपासून. म्हनते, आता सुई येऊन राह्यली."

बल्लारपूरला गाडी बदलून मी मूल स्टेशनला उतरले, तिथून बस धरली. तो ओसरीत बसला होता. गालफडं आत गेलेली, खोकला सुटलेला. पेपरातलं माझं कात्रण त्यानं प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवलं होतं.

"उंदराले गुण आला का नाई?" त्यानं विचारलं.

"आला."

"मंग मले काऊन नाई येनार?"

"उंदराले तो रोग होतच नाई."

त्यानं माझ्याकडे नीट बघितलं. "रोगच नाई, तं गुण कायचा आला?"

अठरा वर्षांत आमच्या साहेबांना हा प्रश्न कुणी इतका सरळ विचारला नव्हता. मी त्याला तुकडा, रक्त, प्रतिपिंडं, सगळं सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं.

"आता कुठी आहेत ते उंदीर?"

"मारले. शेवटचं रक्त काढाले मारावंच लागते."

"चांगलाच गुण आला मंग," तो म्हणाला. त्याची बायको तोंडाला पदर लावून हसली आणि मग रडायला लागली. मी तिला चहा ठेवायला सांगितलं.

"दवाखान्यात येतो," तो म्हणाला. "पन शाल घेतली त्याच माईकवर हे सांगा. माहं नाव नको. कात्रन काई मीच एकट्यानं नाई ठेवलं."

अध्यक्षांकडे गेले. हे कुणासाठी, ते सांगितलं नाही. ते कळवळले. "बाई, गावाचं नाव झालं. आता कायले वापस घेता?"

"भाऊ, नाव तुमचं झालं. लोक गोळ्या सोडून राह्यले. माईक काढा."

संध्याकाळी विहारात वंदनेला जमलेल्या लोकांसमोर मी चार वाक्यं बोलले. लस नाही. उंदराला रोग नव्हता. गुण हा शब्द मी चुकीचा वापरला. गोळ्या कुणी सोडू नका, सोडल्या असतील तर उद्याच दवाखाना गाठा. मागून एक म्हातारी म्हणाली, "मंग शाल वापस कर." परत करायची म्हणून शाल मी घरूनच बरोबर आणली होती, ती तिथंच टेबलावर ठेवली. अध्यक्षांनी ती चटकन घडी करून काखेत मारली. पुढच्या सत्काराला कामी येईल.

दुसऱ्या दिवशी सकाळी चंद्रपूरच्या बससाठी गावच्या थांब्यावर तो माझ्या आधी येऊन उभा होता. हातात दवाखान्याचं जुनं कार्ड, पाठीशी बायको. बसमध्ये बराच वेळ खोकून झाल्यावर म्हणाला, "खरी सुई आली तं मले फोन करजा बाई. पन उंदराचं नका सांगू."